घाट, गिअर आणि कार्बनची सायकल

बैल घेण्यासाठी घोडेगावच्या बाजारात गेलेला शेतकरी आधी जनावराचे दात पाहतो. रंग, शिंगे, वशिंड हे सारे त्यानंतर. सायकल घ्यावयास निघालेल्या गृहस्थानेही हाच क्रम पाळावा असे आमचे मत आहे, आणि तेच या लेखात जरा विस्ताराने सांगावयाचे आहे. सायकलीचे दात म्हणजे अर्थातच तिच्या चक्रांचे दाते.

हा विषय निघण्याचे कारण असे. आपल्या नगरात (सरकारदरबारी २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले, तरी जिभेवरचे नगर इतक्यात जात नाही) हौसेने सायकल चालविणाऱ्यांचे पुष्कळ गट अलीकडे दिसू लागले आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या जोडीने अमेरिका आरपार ओलांडणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत पुरी केली, आणि २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार पाडली. त्या बातम्यांनी आमच्यासारख्या कित्येकांना पुन्हा सायकलीवर बसविले. रविवारी पहाटे पाथर्डी रस्त्याने निघावयाचे, चांदबिबी महालाचा चढ चढावयाचा आणि ऊन तापण्यापूर्वी घरी परतावयाचे, असा पुष्कळांचा नेम झाला आहे. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, बँकेतली मंडळी, सगळे यांत आहेत.

वर्ष-दोन वर्षे साधी गिअरची सायकल चालविली की कार्बनच्या सायकलीचे वेध लागतात. कार्बनची बरी सायकल म्हणजे एका चांगल्या मोटारसायकलीची किंमत. ती घरातून मंजूर करून घेणे हाच पहिला घाट. इतके पैसे मोजून आणलेली वस्तू पहिल्याच खऱ्या चढावर खाली उतरून ढकलीत न्यावी लागली, तर मनुष्याचा विरस होतो, आणि गुडघा दुखावून घरी आला तर सायकल कायमची भिंतीला टेकते. असे आमच्या पाहण्यात अनेकदा झाले आहे. कारण एकच: घेणारा दुकानात सायकल एका हाताने उचलून पाहतो, 'केवढी हलकी!' म्हणतो, आणि दाते मोजीत नाही.

आपला जिल्हा सपाट आहे अशी बाहेरच्यांची समजूत असते. कोपरगाव, नेवासे, शेवगाव हा गोदेकाठचा मुलूख खरोखरच ताटासारखा सपाट आहे. परंतु नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरांवर वसले आहे आणि त्याच्या पूर्वेस शाह डोंगरावर सलाबतखानाची जी कबर आहे, जिला लोक चांदबिबी महाल म्हणतात, ती सुमारे ३००० फुटांवर, म्हणजे शहराहून अडीचशे मीटरांहून अधिक उंच आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की करंजी घाट. छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर इमामपूर घाट. संगमनेरहून पुण्याकडे निघाले की चंदनापुरी घाट. आणि पश्चिमेस अकोले तालुका तर सगळाच निराळा. तेथे १६४६ मीटरांचे कळसूबाईचे शिखर, साऱ्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच, आणि त्याच्या पायथ्याशी भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावे जोडणारे अरुंद, वाकणावाकणांचे रस्ते. सायकलवाल्याला याहून सुंदर मुलूख नाही आणि चुकीची सायकल घेतलेल्याला याहून निर्दय मुलूख नाही.

रस्त्याचा चढ टक्क्यांत मोजतात. १०० मीटर पुढे जाताना रस्ता ७ मीटर वर गेला, तर तो चढ ७ टक्क्यांचा. कसारा आणि बोर या घाटांत रेल्वेची चढण ३७ मीटरांत १ मीटर, म्हणजे अवघी २.७ टक्के आहे. तरी गाडीला मागून इंजिने जोडावी लागतात, हे मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. सडकेचा चढ यापेक्षा पुष्कळ खडा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे डोंगरी मुलखात सडकेची नेहमीची चढण ५ टक्के आणि अपवादाच्या जागी ७ टक्के धरलेली आहे. मोठ्या हमरस्त्यांवरचे घाट साधारण या चौकटीत बसतात. खेड्यापाड्यांचे, धरणाकडचे किंवा टेकडीवरच्या देवस्थानाचे रस्ते मात्र कोणत्या चौकटीत बसतील याचा भरवसा नाही. तेथे काही वाकणांवर १० टक्के आणि त्याहूनही अधिक चढ लागतो. वळणावर तर आतल्या अंगाने गेल्यास तोच रस्ता आणखी खडा होतो, म्हणून जाणता सायकलस्वार वाहने नसतील तेव्हा बाहेरच्या अंगाने वळतो.

आता गिअर म्हणजे काय ते पाहू. पायडलांपाशी जे मोठे दातेरी चक्र असते त्यास दुकानात चेनव्हील म्हणतात. मागच्या चाकाच्या धुऱ्यावर लहान चक्र असते. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४८ दाते आणि मागे १८ असे धरू. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक ४८ भागिले १८, म्हणजे सुमारे पावणेतीन फेऱ्या फिरते. चाकाचा घेर सव्वादोन मीटरांच्या आसपास. सबब पायडलच्या एका फेरीत ही सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते. या अंतरास आपण या लेखापुरते 'मजल' म्हणू. शहरातल्या सपाट रस्त्यावर ६ मीटरांची मजल फार सोयीची. पाय सावकाश फिरतात आणि सायकल झपाझप जाते.

तीच सायकल ७ टक्क्यांच्या चढावर आणा. पायडलच्या एका फेरीत ती ६ मीटर पुढे आणि म्हणून ४२ सेंटिमीटर वर उचलली गेली पाहिजे. ७० किलोचा मनुष्य, २० किलोची सायकल आणि थोडे सामान मिळून ९३ किलो वजन झाले. एका फेरीत पाय किती वाट चालतो? क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर धरली, तर सुमारे १०७ सेंटिमीटर. आता हिशेब तरफेचा आहे: ९३ किलो ४२ सेंटिमीटर उचलावयाचे, त्यासाठी पायाने १०७ सेंटिमीटर दाबावयाचे. सरासरी दाब ३६ किलो; त्यात टायरांचे घर्षण मिळविले की ४० किलो. पण पायाचा जोर फेरीभर सारखा लागत नाही, पाय खाली जातानाच तो लागतो. तेव्हा मधल्या क्षणी हा दाब ७० किलोच्या घरात जातो. म्हणजे त्या मनुष्याने आपले सबंध वजन दर पावलाला पायडलवर तोलावयाचे! एके काळी दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन लटकावून शहराकडे येणारा गवळी चढ आला की मुकाट्याने खाली उतरून सायकल हाती धरी. त्याला हे गणित मांडता येत नसेल, पण त्याचे उत्तर त्याच्या पायांना पाठ होते.

गिअरच्या सायकलीला पुढे दोन चक्रे आणि मागे दहा, अकरा किंवा बारा चक्रांचा जुडगा असतो. या जुडग्यास कॅसेट म्हणतात. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी जी यंत्रणा ती डिरेलर. पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे घेतले की मजल आखूड होते. आजच्या सायकलींच्या चाकाचा घेर २.१ मीटर धरू. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असले, तर मजल नेमकी एका चाकाच्या फेरीएवढी, २.१ मीटर. मनुष्य तोच, सायकल ९ किलोची, पाणी व सामान ३ किलो, मिळून ८२ किलो. त्याच ७ टक्क्यांच्या चढावर आता सरासरी दाब अवघा १२ किलो पडतो. कोठे ४० आणि कोठे १२! यात सायकल ११ किलोंनी हलकी झाली याचा वाटा थोडका आहे. बाकी सारी करामत दात्यांची.

हा प्रश्न जुना आहे आणि त्यातला अहंकारही जुना आहे. फ्रान्समध्ये पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) नावाचा गृहस्थ 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत असे. सेंत-एतियेनजवळच्या डोंगरांत सायकल चालवून त्याची खात्री पटली होती की, बदलता गिअर हाच साध्या माणसाचा मित्र. उलट तूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज याचे मत असे की, गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. मर्दाने एकाच गिअरवर डोंगर चढावा. त्याच्या शर्यतीतले शूर वीर डोंगराच्या पायथ्याशी खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र वापरून वर चढत. अखेर १९३७ साली डिरेलरला परवानगी मिळाली आणि त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलरच्या सायकलीवर जिंकला. जगातले सर्वोत्तम सायकलपटू ज्या गोष्टीवाचून चौतीस वर्षे अडून राहिले, ती आपल्या दुकानात सुखाने मिळत असता आपण नाकारावी, याला काय म्हणावे? आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट मारणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा किताब देतात. तो राजा जे चक्र वापरतो ते चाळिशीतल्या दुकानदाराने वापरावे असा नियम कोठेही नाही.

तरी असे होते. शर्यतीच्या सायकलींना पुढे ५२ आणि ३६ दात्यांची जोडी, मागे ११ ते २८ दात्यांची कॅसेट, अशी जुळणी पुष्कळदा बसवून येते. आम्ही स्वतः तीच घेतली. बाहेरगावच्या एका दुकानात 'सवय झाली की काही वाटणार नाही' असे आम्हांस सांगण्यात आले आणि आम्हीही ते आनंदाने ऐकले. कारण मनातून तेच ऐकावयाचे होते. पुढे राजूरहून शेंडीकडे आणि तेथून जलाशयाच्या काठाने घाटघरकडे निघालो. राजूरच्या पुढे धाप लागली, ती आम्ही वयाच्या खात्यावर टाकली. घाटघरच्या अलीकडे एका वाकणावर मात्र पाय जागीच थांबले, आणि बूट पायडलला अडकलेले असल्याने आम्ही खाली उतरण्याऐवजी खाली पडलो. शेजारून डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या एका बाईने सायकल उचलावयास मदत केली. तिने ती एका हाताने उचलली आणि विचारले, "एवढी हलकी, मग चालवीत का नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पहिल्यांदा दाते मोजले.

ते उत्तर असे. सराव असलेला, पण शर्यतीत न उतरणारा ७० किलोचा मनुष्य तासभर सुमारे १४० वॉट ताकद टिकवू शकतो असे धरू. घरातले छताचे दोन पंखे चालावेत एवढी ही ताकद. तेवढ्या ताकदीवर ७ टक्क्यांच्या चढावर ताशी ८ किलोमीटरांचा वेग मिळतो, १० टक्क्यांवर ताशी ६. यात सायकलीची कंपनी, रंग, किंमत कशानेही मोठा फरक पडत नाही. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर. आता आमच्या सायकलीची सर्वांत आखूड मजल, ३६ आणि २८ दात्यांची, २.७ मीटर होती. तेव्हा पाय मिनिटाला ३७ फेऱ्या फिरणार. ३४ आणि २८ असते तर ३९. ३४ आणि ३४ असते तर ४८. अलीकडे कच्च्या रस्त्यांच्या सायकलींना पुढे ४६ आणि ३० अशी जोडी मिळते; ३० आणि ३४ घेतले तर ५४.

पाय मिनिटाला ७० ते ९० फेऱ्या फिरत असले की बहुतेकांना सुखाचे वाटते. पन्नासच्या खाली आले की दर फेरीचा जोर गुडघ्याच्या वाटीमागे जाणवू लागतो. चाळिशीच्या खाली तोल सांभाळणेही कठीण. एखादे वाकण उभे राहून मारता येते, परंतु घाट म्हणजे एक वाकण नव्हे. ज्यांचे वजन ८५-९० किलो आहे त्यांनी तर हे सारे आकडे आणखी खाली ओढावेत. या हिशेबाने आमचा सल्ला असा की, नगर-शिर्डी किंवा नगर-शेवगाव एवढेच करावयाचे असेल तर कोणतीही जुळणी चालेल. परंतु अकोल्याच्या डोंगरात जावयाचे असेल तर पुढे ५० व ३४ आणि मागे ३४ दाते यांपेक्षा कमी मान्य करू नये. पन्नाशी उलटली असेल, वजन अधिक असेल किंवा गुडघ्याची तक्रार असेल, तर पुढे ४६ व ३० शोधावे आणि कोणी काही म्हटले तर गवळ्याची आठवण करावी.

'मग उतारावर आणि सपाटीवर वेग कमी पडेल' ही शंका नेहमी निघते. पुढे ५० आणि मागे ११ दाते यांची मजल साडेनऊ मीटर होते; मिनिटाला ९० फेऱ्यांनी सायकल ताशी ५१ किलोमीटर जाते. पुढे ४६ असले तरी ताशी ४७. आम्हांस सपाटीवर हा वेग साधला नाही आणि वाचकांपैकी फारच थोड्यांस साधेल. खरा तोटा निराळा आहे तो मात्र सांगितला पाहिजे. ११ पासून ३४ पर्यंत दाते अकरा चक्रांत वाटले की दोन चक्रांमधली उडी मोठी होते. सुप्याच्या बाजूला, जेथे डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, तोंडावर वारा घेऊन जाताना कधी एक गिअर जड आणि दुसरा हलका वाटतो, मधला सापडत नाही. ही गैरसोय आहे. ती सोसावी.

सायकल घेतल्यावर मोठी कॅसेट बसविता येईल असा विचार करून स्वस्तात मिळणारी शर्यती जुळणी घेऊ नये. डिरेलरला खाली जो पिंजरा असतो त्याच्या लांबीवर त्याची मर्यादा ठरते. शिमानोच्या १०५ या मालिकेतल्या अकरा चक्रांच्या पिढीत आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दात्यांपर्यंतच जातो, ३४ साठी लांब पिंजऱ्याचा लागतो. शिवाय चेनही लांब घ्यावी लागते. आमचे असे तिहेरी बिल झाले.

आता कार्बनकडे वळू. कार्बनची सायकल म्हणजे केसाहून बारीक कार्बनतंतूंचे पट्टे इपॉक्सी नावाच्या राळेत बसवून, थरावर थर देऊन साच्यात घडविलेली फ्रेम. धातूची नळी सगळीकडून सारखीच ताठ असते. येथे कारागीर तंतूंची दिशा बदलून पायडलांपाशी ताठपणा आणि सीटखाली थोडा लवचीकपणा आणू शकतो. ही तिची खरी थोरवी. १९८६ साली ग्रेग लेमाँडने कार्बनच्या फ्रेमवर तूर द फ्रान्स जिंकली आणि त्यानंतर शर्यतीच्या जगातून लोखंड व अॅल्युमिनियम हळूहळू मागे पडले. २००० सालापासून आंतरराष्ट्रीय संघटनेला असा नियम करावा लागला आहे की शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असू नये.

वजनाचे मात्र अवडंबर माजले आहे. चांगली अॅल्युमिनियमची सायकल आणि तिच्याच तोडीची कार्बनची सायकल यांच्या वजनात साधारण एका किलोचा फरक धरावा. ८२ किलोंत एक किलो म्हणजे सव्वा टक्का. ५ किलोमीटरांचा ७ टक्क्यांचा घाट चढावयास आपल्या त्या मनुष्यास सदतीस-अडतीस मिनिटे लागतात. एक किलो कमी झाल्याने त्यातला सुमारे अर्धा मिनिट वाचतो. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्यांचे वजन याहून अधिक असते. सपाटीवर तर वजनाचा संबंधच जवळजवळ सुटतो, तेथे भांडण वाऱ्याशी असते. म्हणून पैसे बेताचे असतील आणि निवड 'कार्बन फ्रेम, परंतु शर्यतीचे दाते' आणि 'अॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा, घाटाचे दाते, चांगले ब्रेक' अशी असेल, तर आम्ही डोळे मिटून दुसरी घेऊ. पैसे पुरेसे असतील तर कार्बन अवश्य घ्यावी. लांबच्या पल्ल्यावर तिचे अंग निराळेच लागते हे आम्ही नाकारीत नाही.

फ्रेमच्या मापाकडे रंगापेक्षा अधिक लक्ष द्यावे. शर्यतीची फ्रेम लांब आणि पुढे झुकलेली असते, दूरच्या प्रवासाची फ्रेम हँडल उंच व जवळ ठेवते. चाळिशीनंतर मान आणि कंबर पहिली सहज मानीत नाहीत. सीटची उंची ठरविण्याची जुनी युक्ती अजून चांगली आहे: पायडल सर्वांत खाली असता त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, मग पंजा ठेवल्यावर गुडघा आपोआप किंचित वाकतो.

फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो हेही विचारावे. आपल्याकडच्या रस्त्यांना, उसाच्या ट्रॅक्टरांनी हंगामात पाडलेल्या खाचांना आणि वेड्या बाभळीच्या काट्यांना २५ मिलिमीटरांचे टायर पुरे पडत नाहीत. ३० ते ३२ मावतील अशी फ्रेम असली म्हणजे हवा थोडी कमी ठेवता येते, आणि जो आराम कार्बनच्या नावावर जमा होतो त्यातला मोठा भाग खरे पाहता टायर देतो.

कार्बनची एक खोड अशी की ती धातूसारखी आधी वाकून सूचना देत नाही. बोल्ट बेताबाहेर आवळला की ती आतून तडकते. हँडलच्या आणि सीटच्या बोल्टांशेजारी ४, ५ किंवा ६ न्यूटन-मीटर असे आकडे छापलेले असतात. त्यांसाठी माप दाखविणारा पाना घ्यावा आणि गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातीही तोच द्यावा. सीटच्या नळीला ग्रीस लावू नये, कार्बनसाठी निराळी खरखरीत पेस्ट मिळते ती लावावी. जुनी सायकल विकत घेताना पायडलांभोवतीचा भाग, चेनखालची नळी आणि चिमट्याची वरची नळी उघडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. नाणे वाजवून आवाजावरून पारख करणारे भेटतात. त्यावर विसंबू नये. तडा सापडला तर तो दुरुस्त होऊ शकतो, पण तो या कामातल्या जाणकाराकडूनच करावा आणि किमतीतून वजा करावा.

चढाइतकेच उताराचेही पाहिले पाहिजे. ८२ किलोंचे ओझे ४०० मीटर उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती एक लिटर पाणी उकळीस आणण्याएवढी असते. वाऱ्याने त्यातली काही खाल्ली तरी उरलेली ब्रेकांच्या वाट्याला येते. जुन्या पद्धतीच्या ब्रेकांत रबर थेट रिमला घासते. रिम कार्बनची असली तर लांब उतारावर तिच्यातली राळ मऊ होऊन रिम निकामी होण्याचा धोका असतो, आणि पावसात तर ती रिम ओली असता ब्रेक लागावयास क्षणभर उशीर होतो. नगर शहरात वर्षाकाठी पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. घाटघर-रतनवाडीकडे तो चांगल्या वर्षी त्याच्या कित्येक पट कोसळतो, आणि नेमके तेव्हाच, धबधबे सुटल्यावर, सगळ्यांना तिकडे जावयाचे असते. म्हणून डिस्क ब्रेक घ्यावेत, आणि रिम अॅल्युमिनियमची असली तरी आमच्या मते काही बिघडत नाही. डिस्क असली तरी ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणापूर्वी जोराने दाबावा, सोडावा, पुढचा-मागचा आलटून पालटून वापरावा. गिअरचेही असेच, चढ अंगावर येण्यापूर्वी बदलावा. जोर लावलेला असता बदलला तर चेन कुरकुरते आणि कधी तुटतेही.

रतनवाडीस पोचल्यावर अमृतेश्वराच्या देवळापाशी सगळे थांबतात. तेथे सायकल दगडी भिंतीला टेकवून दर्शनास जाण्याचा मोह होतो. वरची नळी कार्बनच्या फ्रेममध्ये सर्वांत पातळ असते आणि घसरून दगडाच्या कडेवर आपटली तर तेवढ्यानेही आत तडा जातो. सायकल गवतावर आडवी ठेवावी, चेनची बाजू वर करून.